जत्रेतला दशावतार दहा वाजता आटपा म्हणणाऱ्यांसाठी

खोऱ्यातलो
काल एका पोस्टमध्ये वाचलं की दिवाळी सरली की सिंधुदुर्गात पोराबाळांना घेऊन जायला काहीच नसतं, म्हणून दर तालुक्याला तीन दिवसांचा महोत्सव करा, मुंबईचे कलाकार आणा, आणि जत्रेतलं रात्रभर चालणारं दशावतारी नाटक सुद्धा सातला सुरू करून दहाला आटपा. वाचल्यापासून डोकं तापलंय, म्हणून लांबलचक लिहितोय.
काहीच नसतं? त्रिपुरारी पौर्णिमा झाली की जत्रा सुरू होतात. सोनुर्लीच्या माउली देवीची लोटांगणं, मग एकेका गावाची तिथी, महाशिवरात्रीला कुणकेश्वर. राज्यातला सगळ्यात कमी वस्तीचा जिल्हा, 2011 ला मोजली तेव्हा साडेआठ लाख माणसं, आणि तरी थंडीभर कुठे ना कुठे पालखी फिरतेय, खाजं विकलं जातंय, धयकालो म्हणजे हाच दशावतार रंगतोय. तिकीट नाही, पास नाही, आजीपासून तान्ह्यापर्यंत सगळे एका गोणपाटावर. याला कौटुंबिक कार्यक्रम म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?
आणि तीन तासांत आटपा म्हणजे काय कापायचं ते तरी सांगा. पहिला बळी आडदशावताराचा, म्हणजे मुख्य कथेआधीच्या भागाचा, जाणार. गणपती, रिद्धिसिद्धी, सरस्वती, भटजी आणि संकासुर राक्षस. आधीच कितीतरी ठिकाणी तो भाग उरकून टाकतात. पोरं येतात ती संकासुरासाठी, काळा वेष, मालवणी बोलणं, अंगावर धावून येणं. मी सहा वर्षांचा असताना त्याला घाबरून बाबांच्या सदऱ्यात तोंड खुपसलं होतं, ते आजही आठवतं. तोच कापून मुलांसाठी केलं म्हणणार?

सावंतवाडीची_आई
ती पोस्ट मीच लिहिली होती आणि शब्द मागे घेत नाही. तुम्ही बाबांच्या सदऱ्यात तोंड खुपसलंत, पण त्या रात्री तुमची आई कुठे होती? माझी मुलगी पाच वर्षांची आहे. गेल्या वर्षी तिला जत्रेला नेलं, ओटी भरली, पालखी झाली, नाटक सुरू व्हायला साडेबारा वाजले, संकासुर येईपर्यंत ती माझ्या मांडीवर गाढ झोपली होती. रात्री परतीची एसटी नाही, पहाटे चारला थंडीत गाडीवरून आणली, दोन दिवस ताप. बायकांसाठी संडासची सोय नव्हती, मी संध्याकाळपासून पाणी प्यायले नव्हते. गोणपाटावर सगळे एकत्र हे ऐकायला छान वाटतं, पण त्या गोणपाटावर बसलेल्या बाईला विचारा.
शिवाय दहानंतर स्पीकर बंद हा कायदा आहे, सरकार सूट देतं ती वर्षातले फार तर पंधरा दिवस आणि तीही बारापर्यंतच.

पायपेटी
स्पीकर नव्हता तेव्हा पण नाटक होत होतं ताई. माझे वडील पायपेटी, म्हणजे पायाने भाता मारायची पेटी, वाजवायचे, पखवाज, झांज आणि पेटी, एवढ्यावर राजाचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत जायचा. संहिता नसते हो. आख्यान, म्हणजे मुख्य कथा, कुठलं ते संध्याकाळी ठरतं आणि संवाद समोर उभा राहून सुचतात. एका बाकड्यावर दरबार, त्याच बाकड्यावर वन. राजा आणि ऋषी रंगात आले की एकेक प्रवेश तासभर चालतो, त्याला घड्याळ लावलंत तर दोघं पाठ केलेलं म्हणून मोकळे होतील.
आमच्यात म्हण आहे, रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा. वडिलांनी पेटारा डोक्यावर घेऊन या गावातून त्या गावात चालत जत्रा केल्या. आरतीचं ताट फिरायचं त्यात चिल्लर पडायची. महोत्सवाला लाखांनी खर्च करता तेव्हा दशावतारी कंपनीला पहिल्या दिवशी दुपारी तासभर देतात, लोक जेवत असतात.

परळचो_झील
मूळ अडचण वेगळीच आहे. आम्हा मुंबईच्या चाकरमान्यांना जत्रा बघायलाच मिळत नाही. आमच्या गावची यंदा बुधवारी. आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख तर देवीला कौल लावून ठरते, आणि रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं नि मिनिटांत भरतं. लहान जत्रा शनिवारी घेतल्या तर काय बिघडेल?

खोऱ्यातलो
तिथी देवाची की तुमच्या ऑफिसची? उद्या गणपती पण रविवारी बसवा.

परळचो_झील
भाषा सांभाळून. देवळाच्या जीर्णोद्धाराला मुंबई मंडळाने वर्गणी काढली तेव्हा तारीख आम्हाला विचारून ठरली होती. माझ्या आईने एक पाटली मोडून पैसे दिले. पैसे देताना आम्ही गाववाले आणि जत्रेच्या दिवशी पाहुणे?

पायपेटी
आईंनी पाटली मोडली त्याला हात जोडतो. पण त्या पैशाचं काय झालं बघा, लाकडी खांब गेले, कौलं गेली, वर स्लॅब, खाली फरशी. आता पेटीचा सूर नुसता घुमतो, तिसऱ्या रांगेत शब्द कळत नाही, म्हणून स्पीकर लागतो, म्हणून कायदा आडवा येतो. कौलांखाली बसून ऐकलेलं ज्याला आठवतं तोच सांगेल काय गेलं ते.

परळचो_झील
गळकी कौलं दर पावसाळ्यात परतायला माणूस मिळत नव्हता गावात. तेव्हा कोण चढलं वर? स्लॅब आम्ही हौसेने नाही टाकला.

खोऱ्यातलो
माणूस मिळत नव्हता कारण सगळे परळला होते.

घाटावरची_बाई
मी कोल्हापूरची, नोकरीसाठी कुडाळात तीन वर्षं. तुमचं भांडण वाचून एवढंच कळलं की सगळ्यांना सगळं माहीत आहे असं धरून चालता. मला पहिली दोन वर्षं एकही जत्रा कळली नाही. कुठे लिहिलेलं नसतं. पिंगुळी इथून इतकी जवळ, पण तिथे ठाकर समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या आहेत हे मला परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा बातमीत समजलं. मुलांना घेऊन गेले. वीणा, हुडुक आणि टाळ, एकेक चित्र उलटत रामायण सांगतात, दिवसाउजेडी. माझा मुलगा महिनाभर वहीच्या पानांवर रावण काढत होता.

सावंतवाडीची_आई
बघा, दिवसा होतं ना.

खोऱ्यातलो
ती कला वेगळी, हा धयकालो वेगळा, दोन्ही एका मापात घालू नका. पण संडासाचं तुम्ही म्हणालात ते मला खटकत राहिलंय. बायकोला विचारलं, ती म्हणाली, वीस वर्षं हेच करते, पाणी पीत नाही. मला ठाऊक नव्हतं. देवस्थानाच्या बैठकीत मी हा विषय काढणार आहे, आणि पालखी लवकर काढून संकासुर दहाच्या आत आणता येईल का हेही विचारीन. आख्यान मात्र पहाटेपर्यंतच चालणार, त्यावर मी हटणार नाही.

सावंतवाडीची_आई
संकासुर दहाच्या आत आला तर मुलीला घेऊन येते. तिथी कोणती ते मात्र आधी इथे लिहा.