बाळंतपणानंतर पोटाचे स्नायू विलग होणे : तुमचे व्यायामाचे अनुभव लिहा

माजघर

बाळंतपणानंतर पोट सुटतं हे सगळ्यांना माहीत असतं. ते चरबीमुळे सुटलंय की मधले स्नायू एकमेकांपासून लांब गेलेत, हे मात्र फार कमी जणींना कुणी सांगतं. बाळाचं वजन, लस, दूध यांची चौकशी दर भेटीत होते; आईच्या पोटाला हात लावून बघणारं कुणी भेटेलच असं नाही. म्हणून हा धागा.

पोटाच्या मधोमध, बरगड्यांपासून खाली जांघेच्या हाडापर्यंत दोन उभे स्नायू असतात आणि त्यांना जोडणारी एक पांढरी चिवट पट्टी असते, लिनिआ अल्बा. गर्भ वाढतो तशी ती पट्टी ताणते, रुंद आणि पातळ होते. दिवस भरत आले की जवळजवळ प्रत्येकीचं हे होतंच. बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत पुष्कळसं आपसूक भरून येतं, काहींचं मात्र येत नाही. त्याला डायस्टॅसिस रेक्टाय म्हणतात.

घरी बघायचं तर पाठीवर झोपून गुडघे वाकवायचे, बेंबीवर बोटं आडवी ठेवायची आणि डोकं नि खांदे जरासे उचलायचे. दोन कडा बोटांना लागतात, मधे खड्डा लागतो. बेंबीच्या थोडं वर आणि थोडं खालीही बघायचं. दोन बोटांपेक्षा जास्त अंतर असेल तर फिजिओला दाखवावं. माझं दुसऱ्या बाळंतपणानंतर तीन बोटांच्या वर होतं, आणि अंथरुणातून उठताना पोटावर उभा उंचवटा यायचा. आता दोन बोटं आहे, उंचवटा येत नाही, धाकट्याला कडेवर घेऊन जिना चढते.

कोणते व्यायाम केलेत, कशाने फरक पडला, घरच्या कामात काय बदललंत, सिझेरियन होतं का, पट्टा बांधला का, सगळं लिहा. वेळ लागला असेल तर तेही लिहा. इतरांचा किती वेळ लागला हे कळलं की नव्या आईला धीर येतो.

चुलीपुढची

आमचं गाव कराडजवळ. पहिल्या सव्वा महिन्यात आजेसासूबाईंनी जुन्या लुगड्याचा पट्टा घट्ट बांधला, शेक-शेगडी, मालीश, डिंकाचे लाडू सगळं झालं. त्या मायेनं कंबर शेकली गेली, झोप मिळाली, त्याचा मला उपयोगच झाला. पण पट्टा सोडला की पोट परत लोंबायचं, आणि शिंकलं की शू व्हायची. ते कुणाला सांगायचं? आशाताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, हे अंगावर काढू नको, तालुक्याला फिजिओ बसतात, मी येते सोबत.

तिथल्या मॅडमनी व्यायामाच्या आधी मी दिवसभर काय उचलते ते विचारलं. पाण्याचा हंडा, वैरणीचा भारा, पोरगं, शेवटी सिलिंडर. भरलेला हंडा काही दिवस बंद, त्याऐवजी कळशी, आणि उचलायच्या क्षणी तोंडानं श्वास सोडायचा. आधी खालून आवळायचं, मग श्वास सोडत उचलायचं. हे एकच मी दिवसभर करत राहिले. भाकरीला बसलेली उठताना, म्हशीची बादली उचलताना, पोराला झोळीतून काढताना. वेगळा वेळ काढायला मला कुठं मिळतो, म्हणून कामातच बसवून घेतलं.

शू होणं आधी थांबलं, पोट नंतर आत आलं. मॅडम म्हणाल्या की खालचे स्नायू आणि पोटाचे आतले स्नायू जोडीनं काम करतात, म्हणून हाच क्रम बऱ्याच जणींचा असतो.

बोरकूट

अंथरुणातून सरळ उठायचं नाही, ही सूचना मला सगळ्यात मोलाची वाटली. आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, हाताने रेटा देऊन बसायचं. रात्री दुधासाठी कितीतरी वेळा उठावं लागतं, दर वेळी ताण वाचतो. आणि बद्धकोष्ठता सांभाळा. कुंथण्याने केलेला व्यायाम पाण्यात जातो. मी रोज सकाळी भिजवलेल्या काळ्या मनुका आणि भरपूर कोमट पाणी घ्यायचे.

हिरवळ

मी ठाण्यात फिजिओथेरपिस्ट आहे, बाळंतपणाआधीच्या आणि नंतरच्या स्त्रियांसोबतच काम करते. धागा वाचून बरं वाटलं, जरा सविस्तर लिहिते.

बोटं किती जातात हे सगळ्या जणी मोजतात. मी अंतराइतकंच, किंबहुना जास्तच, बोटांखाली काय लागतं ते बघते. घट्ट विणलेल्या बाजेवर दाब दिला की ती हात परत ढकलते, सैल बाजेत हात बुडतो. पट्टीचं तसंच आहे. अडीच बोटं अंतर असूनही पट्टी ताठ असणारी बाई सगळी कामं बिनतक्रार करते. दीड बोटं असूनही खाली मऊ लागत असेल तर काम बाकी आहे. नॉर्वेत 300 पहिलटकरणींना वर्षभर तपासून 2016 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सहा आठवड्यांनी 60 टक्के आणि एका वर्षाने सुमारे 33 टक्के जणींमध्ये अंतर शिल्लक होतं, पण अंतर असलेल्यांची कंबर इतरांपेक्षा जास्त दुखत होती असं आढळलं नाही. तेव्हा बोटांचा आकडा बघून रडत माझ्याकडे येऊ नका, पोटाला काय जमतं ते आपण मिळून बघू.

सुरुवात श्वासापासून. पाठीवर झोपून गुडघे वाकवा, तळवे टेकवा. एक हात बरगडीच्या कडेला, दुसरा बेंबीखाली. श्वास घेताना बरगड्या दोन्ही बाजूंना फुलू द्या, पोट सैल सोडा. श्वास सोडताना शू रोखून धरल्यासारखं खालून हलकं आवळून वर ओढा. बेंबीखालचा भाग आपोआप जरासा आत जातो. तोच सगळ्यात आतला आडवा स्नायू, कंबरपट्ट्यासारखा भोवती गेलेला. पुढच्या श्वासाला पूर्ण सैल सोडा. सैल सोडणं हा निम्मा व्यायाम आहे, आणि तिथेच घाई होते. ढुंगण आवळलं जात असेल, मांड्या जवळ येत असतील, श्वास कोंडला जात असेल तर जोर कमी करा. नॉर्मल बाळंतपणानंतर बरं वाटत असेल तर एवढं पहिल्या काही दिवसांतही करता येतं. सिझेरियन असेल तर आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा.

ते जमलं की हीच पकड ठेवून श्वास सोडत एक टाच सरळ सरकवायची आणि परत आणायची. मग एक गुडघा बाजूला झुकवायचा, कंबर न हलता. मग एक पाय जमिनीवरून उचलायचा, मग पाळीपाळीने दोन्ही. पुढे कंबर उचलून पूल करणं, हात-गुडघ्यांवर येऊन उलटसुलट हात-पाय लांब करणं, भिंतीला हात लावून दंड, उठाबशा, आणि हळूहळू वजन. पुढच्या पायरीवर जायचं की नाही ते पोट सांगतं. मधोमध उंचवटा येत असेल किंवा खाली दाब जाणवत असेल तर एक पायरी मागे या. टाच सरकवण्यावरच महिनोन्महिने थांबूनही चालत नाही. स्नायूला बळ यायचं तर भार वाढत गेला पाहिजे, शेवटी तुम्हाला बारा किलोचं मूल उचलायचं आहे.

क्रंचेसबद्दल, म्हणजे पाठीवर झोपून डोकं-खांदे उचलायच्या व्यायामाबद्दल, हमखास विचारतात. सुरुवातीच्या महिन्यांत नकोतच, दोन्ही पाय एकदम उचलणंही नको. पण जन्मभर वर्ज्य, असं आता आम्ही म्हणत नाही. डोकं उचललं की अंतर कमी झाल्यासारखं दिसतं, पण मधली पट्टी सैल होऊन चुरगळते. आतला स्नायू आधी आवळून मग डोकं उचललं तर अंतर तितकं मिटत नाही, पट्टी मात्र ताठ राहते. सोनोग्राफी लावून हे दाखवलं गेलंय. म्हणून आतली पकड आधी, बाकी सगळं नंतर.

पट्ट्याने पहिल्या आठवड्यांत आधार मिळतो, सिझेरियननंतर चालताना दुखणं कमी होतं. त्याने स्नायूला बळ येत नाही. आणि फार करकचून बांधला तर दाब खाली जातो, अंग बाहेर येण्याचा त्रास असेल तर तो वाढतो.

नदीकाठ

मी जर्मनीत, श्टुटगार्टजवळ. इथे बाळंतपणानंतर हेबाम्मं, म्हणजे सुईण, घरी येते. माझ्या सुईणीने पोटाला हात लावून अंतर बघितलं आणि म्हणाली, आत्ता फक्त आडवी पड. आई पुण्याहून आली होती, तीही तेच सांगत होती. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण मला पलंगावर ठेवण्यात एकमत होतं.

इथे र्‍युकबिल्डुंग नावाचा वर्ग असतो, बाळाला सोबत घेऊन जायचं. सरकारी आरोग्य विमा त्याचे दहा तास भरून देतो, बाळ नऊ महिन्यांचं होईपर्यंत तो पूर्ण करावा लागतो. नॉर्मल बाळंतपण असेल तर साधारण सहा आठवड्यांनी, सिझेरियन असेल तर आठ आठवड्यांनी सुरू करतात. पहिल्या वर्गात आम्ही नुसत्या श्वास घेत पडून होतो. जिमला जाणारी मी, मला वाटलं यात काय व्यायाम. तिसऱ्या-चौथ्या वर्गात पूल करताना पाय थरथरायला लागले तेव्हा पोट किती कमकुवत झालंय ते कळलं.

वर्ग संपल्यावरही माझं अंतर तीनच्या जवळ होतं, म्हणून डॉक्टरांनी एकटीसाठी फिजिओ लिहून दिली. वर्गात सगळ्यांना सारखंच शिकवतात. एकटीला बघितलं तेव्हा कळलं की मी उजवीकडेच आवळत होते. गेल्या उन्हाळ्यात मी पुन्हा पळायला लागले. आपल्याकडे असं काही प्रत्येकीला मिळायला हवं, हे मनापासून वाटतं.

तिळगूळ

जुळी, सिझेरियन, चार बोटं अंतर. टाक्यांच्या वरचं पोट बधिर होतं, आवळलं की नाही तेच कळायचं नाही. फिजिओने माझाच हात कमरेच्या हाडाच्या आतल्या बाजूला ठेवायला लावला आणि हलकं खोकायला सांगितलं, तिथे स्नायू बोटांना लागला. मग तीच जागा धरून श्वास. जखम पूर्ण भरल्यावर व्रणाला बोटांनी हळूहळू सरकवत मालीश शिकवलं. पहिल्यांदा हात लावायलाच भीती वाटली होती. व्रण मोकळा झाल्यावर पोट आवळणं खूप सोपं गेलं.

वर्षभराने अंतर अडीचवर आलं आणि तिथेच आहे. दोघांना एकेका कडेवर घेते, कंबर दुखत नाही. साडी नेसल्यावर पोट दिसतं. दिसू दे.

सह्याद्रीवारा

नवरा लिहितोय, चालेल ना? बायकोच्या फिजिओने मलाही आत बोलावलं आणि काय करायचं ते दाखवलं. माझं काम दोन गोष्टींचं. रोज रात्री जेवणानंतर बाळ माझ्याकडे, तिचा व्यायाम होईपर्यंत. आणि सिलिंडर, गाद्या, पाण्याचे कॅन, बाळाची बाबागाडी जिन्यावरून वर आणणं, हे सगळं माझ्याकडे. व्यायाम चुकायचा तो कंटाळ्याने नव्हे, बाळ रडायचं म्हणून चुकायचा. पुरुषांनी हे वाचावं.

जाईजुई

माझ्या बेंबीशी फुगा यायचा, खोकलं की मोठा व्हायचा. घरात सगळे म्हणाले बाळंतपणाचं पोट आहे, जाईल. फिजिओने हात लावताच सर्जनकडे पाठवलं, सोनोग्राफीत बेंबीचा हर्निया निघाला. हर्निया व्यायामाने बुजत नाही. मला शस्त्रक्रिया लागली, जाळी बसवली, आणि सर्जननी परवानगी दिल्यावर पुन्हा श्वासापासून व्यायाम सुरू केले. फुगा दुखायला लागला, कडक झाला, आत जाईनासा झाला किंवा उलट्या सुरू झाल्या तर थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.

ओसरी

योगवर्गात कपालभाती आणि नौकासन करायचे. बाळंतपणानंतर कधी सुरू करू? मूलबंध चालेल का?

हिरवळ

ओसरी, खालून आवळून वर ओढायचं जे वर लिहिलंय ते मूलबंधाच्या जवळचंच आहे. ते येत असेल तर निम्मं काम झालं, फक्त श्वास न कोंडता करा आणि पूर्ण सैल सोडायला विसरू नका. कपालभाती आणि नौकासन या दोन्हींत पोटावर जोरात दाब येतो, ते सगळ्यात शेवटी. आधी मार्जारासन, सेतुबंधासन, वीरभद्रासन. नौकासन पुन्हा करताना आरसा समोर ठेवा किंवा पोटावर हात ठेवा. उंचवटा आला नाही तर करा.

तुळशीवृंदावन

माझं वय 61. धाकट्या मुलाच्या वेळी पोट असंच मधून फाकलं होतं, त्याला काही नाव असतं हे मला सुनेच्या बाळंतपणात कळलं. मी तिला मालीश करत होते आणि पोटावरून हात फिरवताना मला ती खळी लागली, माझ्या पोटावर आहे तशीच. तिला मीच घेऊन गेले. फिजिओताईंना भीतभीत विचारलं, आता माझं काही होईल का? त्या म्हणाल्या, झोपा इथे, बघू. अंतर फारसं कमी होणार नाही म्हणाल्या, पण ताकद कुठल्याही वयात वाढते. सून आणि मी दुपारी बाळ झोपलं की सतरंजी घालून बरोबर करतो. माझी कंबर आता निवडणं-टिपणं करताना अवघडत नाही. मांडी घालून बसलेली मी हात न टेकता उठते.

बोरकूट

काकू, किती छान. हिरवळताई, दुसरं मूल हवं असेल तर अंतर पूर्ण मिटेपर्यंत थांबावं लागतं का?

हिरवळ

नाही. पूर्ण मिटायची वाट बघायची गरज नाही. पोटाची पकड चांगली असेल, उचलताना त्रास नसेल, तर त्यासाठी अडू नका. दोन बाळंतपणांतलं अंतर तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलून ठरवा. गरोदरपणातही श्वासाचा व्यायाम आणि कुशीवरून उठणं चालू ठेवा, आणि बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी एकदा दाखवून जा.