मदत हवी आहे: ड्रॉइंग तीन ठिकाणी होतं, तरी ३६ नग भंगारात गेले

उद्यमनगरचा पोरगा

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागणार आहे, आधीच माफी मागतो.

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात आमचं छोटं मशीन शॉप आहे. एक व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन), दोन लेथ, एक रेडियल ड्रिल. आबा, मी आणि चार माणसं. बहुतेक काम लेबर जॉबचं, म्हणजे कास्टिंग पार्टीचं आणि मशीनिंग आमचं.

गेल्या महिन्यात एका हाउसिंगचे ३६ नग केले. ड्रॉइंगवर आठ भोकांचा पीसीडी, म्हणजे भोकं ज्या गोलावर येतात त्याचा व्यास, ८४ मिलिमीटर. भोकं मारली, टॅपिंग केलं, तेल लावून क्रेट भरले, माल गेला. तिसऱ्या दिवशी फोन आला, "रेव्हिजन सी मध्ये पीसीडी ८६ केलाय की हो. बघितला न्हाई काय?"

बघितला होता. रात्री साडेदहाला व्हॉट्सॲपवर त्या सुधारित ड्रॉइंगची पीडीएफ आली होती. जेवता जेवता उघडली आणि अंगठा पाठवून मोकळा झालो. सकाळी ऑपरेटरनं डेस्कटॉपवरची आधीची रेव्हिजन बी उघडली, कारण तिचं नाव 'हाउसिंग फायनल' होतं. प्रत्येक भोक एक मिलिमीटर आत. ते काय बुजवून परत मारता येतंय होय? कास्टिंगची किंमत धरून डेबिट नोट आली. आबा एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

नंतर शोधलं तर रेव्हिजन सी माझ्याकडंच तीन जागी निघालं. व्हॉट्सॲपवर होतंच. मेलमध्येही होतं, त्याच रात्री पार्टीनं पाठवलेलं, न वाचलेलं. आणि कॉम्प्युटरच्या डाउनलोड्समध्ये, म्हणजे कधीतरी मीच उतरवून घेतलेलं! हे शेवटचं बघून स्वतःचाच राग आला.

माझ्या डी ड्राइव्हवर काय आहे सांगतो, हसू नका. 'नवीन फोल्डर' ते 'नवीन फोल्डर ९'. 'फायनल', 'फायनल लास्ट', 'हेच वापरा', 'हेच वापरा २'. २०१९ च्या महापुरात शुक्रवार पेठेतल्या घरात पाणी शिरलं, आबांच्या जुन्या वह्या आणि चलनं लगदा होऊन गेली. तेव्हापासून मी जे दिसेल ते स्कॅन करायचं खूळ घेतलं. ती हजारो पानं 'महापुरानंतर' नावाच्या एकाच फोल्डरमध्ये पडलीत. हरवायला नको म्हणून ठेवली, आणि आता असून नसल्यासारखी. शिवाय आबांनी पूर्वी टाइप करून घेतलेली मराठी दरपत्रकं आहेत श्रीलिपी नावाच्या जुन्या फाँटात. ती सर्चमध्ये येतच नाहीत.

आणि आबा? त्यांच्याकडं लाकडी ठोकळ्यावर एक खिळा आहे, त्याला चालू चलनं टोचलेली. मागं लोखंडी रॅक. "अमक्याचं मागच्या दिवाळीचं बिल" म्हटलं की उठतात, खिडकीकडच्या कप्प्यातून तिसरी फाईल काढतात, संपलं. माझा कॉम्प्युटर तोवर चालू पण झालेला नसतो.

तर तुम्ही लोक हे कसं करता? सगळं फोल्डरात लावत बसायचं, की लावायचं सोडून फक्त सर्चवर भिस्त ठेवायची? महागडं सॉफ्टवेअर सुचवू नका, ह्या महिन्यात तर नकोच.

ढगात फिरणारा

कशाला एवढा त्रास? सगळं गूगल ड्राइव्हवर टाक. स्कॅन केलेल्या पीडीएफमधलं छापील मजकूरपण ते वाचतंय. पार्ट नंबर टाकायचा, फाईल हजर. फोल्डर आता म्हाताऱ्यांनी करायचे.

उद्यमनगरचा पोरगा

@ढगात फिरणारा, करून बघितलं. पार्ट नंबर टाकला तर ए, बी, सी तिन्ही आले, आणि वर एक कोटेशन. ह्यातलं चालू कुठलं हे सर्च सांगत नाही ना. मला सापडत नव्हतं असं नाहीच, ऑपरेटरलाही बी लगेच सापडलं. चुकीचं सापडलं ही पंचाईत.

शिरोली क्वालिटी

भावा, तुझा रोग तूच ओळखलास. मी शिरोली एमआयडीसीत क्यूसीला, म्हणजे माल तपासणीला आहे. आयएसओ ९००१ ह्या क्वालिटी सर्टिफिकेटचा ऑडिटर आला की पहिल्यांदा मशीनवरचा ड्रॉइंगचा कागद उचलतो आणि विचारतो, हाच चालू आहे कशावरून? सर्टिफिकेट घे न घे, पण हा प्रश्न भिंतीवर लिहून ठेव.

आमच्याकडं एक फोल्डर 'चालू'. त्यात एका पार्टचं एकच ड्रॉइंग, दुसरं दिसलं की शिव्या. नवीन रेव्हिजन आली की जुनी त्याच मिनिटाला 'रद्द' मध्ये. डिलीट करू नको, उद्या पार्टी म्हणेल मागच्या लॉटचं कशावर केलंत, तेव्हा लागतं. ऑपरेटरला 'चालू' सोडून काही उघडायची परवानगी नाही. मशीनवर प्रिंट द्यायची ती शिक्का आणि तारीख मारून. नवीन प्रिंट देताना जुनी हातातून काढून घ्यायची आणि समोर फाडायची. समोर फाडणं महत्त्वाचं, नाहीतर ती टूलबॉक्सच्या झाकणाला चिकटलेली सापडते. आमच्याकडं सापडली आहे.

नाव असं दे: पार्टीचा कोड, पार्ट नंबर, रेव्हिजन, मग तारीख. तारखेत आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे २०२४-०६-१२. आंतरराष्ट्रीय मानकातही हाच क्रम आहे, आणि नावाप्रमाणे लावलं की आपोआप काळानुसार लागतं. दिवस आधी लिहिलास तर सगळ्या महिन्यांच्या एक तारखा एकत्र गोळा होतात. 'फायनल' हा शब्द मात्र आजपासून बंद.

आणि व्हॉट्सॲपवर आलेल्या ड्रॉइंगला अंगठा द्यायचा नाही. 'चालू' मध्ये टाकून झालं की मगच द्यायचा. तोवर पार्टी वाट बघू दे.

कागदकिडा

मी ग्रंथालयात काम करते, त्यामुळे ह्या विषयावर बोलायला लागले की घरचे उठून जातात. तरी सांगते.

१९८३ मध्ये टॉमस मलोन यांनी ऑफिसातल्या लोकांची टेबलं कशी असतात हे पाहून लिहिलं होतं. माणसं कागद दोन तऱ्हेनं ठेवतात, नाव देऊन लावलेल्या फायली आणि नाव न दिलेले ढीग. ढीग म्हणजे निव्वळ आळस नव्हे. समोर दिसत राहिला की करायचं काम आठवतं. तुमच्या आबांचा खिळा म्हणजे तो ढीग, आणि रॅक म्हणजे फायली. दोन्ही त्यांनी वेगळं ठेवलंय. तुमच्या व्हॉट्सॲपमध्ये दोन्हींची खिचडी झालीय, आणि वरून दिवाळीच्या शुभेच्छा.

सर्च की फोल्डर, ह्यावर ऑफर बर्गमन आणि स्टीव्ह व्हिटेकर यांनी बरंच काम केलंय. सर्च चांगलं मिळालं तरी माणसं स्वतःच्या फायलीकडे फोल्डर उघडत उघडतच जातात. सर्च करतात ते बहुतेक कुठे ठेवलं हे आठवेनासं झाल्यावर. म्हणजे म्हातारेच नाही, @ढगात फिरणारा, तुम्हीसुद्धा.

मेलचं मात्र वेगळं आहे. व्हिटेकर आणि सहकाऱ्यांच्या २०११ च्या अभ्यासात, मेल फोल्डरांत लावून ठेवणाऱ्यांना नंतर शोधताना त्याचा फायदा झालेला दिसला नाही. तेव्हा मेल लावत बसू नका, तिथे सर्च करा. ती मेहनत ड्रॉइंगवर घाला. 'महापुरानंतर' ची हजारो पानं तर आज अजिबात लावू नका. ज्या दिवशी त्यातलं एखादं लागेल, त्या दिवशी तेवढंच नाव देऊन बाहेर काढा.

टायपिंगवाली ताई

श्रीलिपीचं मी सांगते, लक्ष्मीपुरीत वीस वर्षं डीटीपी केलंय.

दादा, त्या फायलीत मराठी नाहीच. तुम्हाला 'दरपत्रक' दिसतं, पण आत साठलेली आहेत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. श्रीलिपीचा फाँट त्यांना देवनागरीचं रूप देतो एवढंच. फाँट काढा, पडद्यावर कचरा दिसेल. म्हणून युनिकोडमध्ये, म्हणजे आता फोनवर करतो तसं मराठी, टाइप करून ते सात जन्म सापडणार नाही. तात्पुरती युक्ती अशी: जुन्या फायलीतला शब्द कॉपी करा आणि त्याच फाँटच्या दुसऱ्या फायलीत शोधायच्या चौकटीत चिकटवा. चौकटीत कचरा दिसेल, पण सापडेल. कायमचं करायचं तर कन्व्हर्टरनं युनिकोड करून घ्या. मूळ फाईल ठेवा, आणि दर एकेक करून तपासा. एका ग्राहकाच्या लग्नपत्रिकेत मी तपासलं नव्हतं, मुहूर्ताच्या आकड्याच्या जागी चौकोन छापला गेला होता. असो.

दुसरं कुणी सांगत नाही ते सांगते. तुम्ही ॲल्युमिनियमचं काम करत असाल. तो पहिला ॲ एकच अक्षर म्हणूनही टाइप होतो, आणि अ वर चंद्र देऊनही. दिसायला सारखंच, कॉम्प्युटरला वेगवेगळं. फोनवर एक तऱ्हा, दुकानात दुसरी. सर्च एकाला धरतं, दुसऱ्याला सोडतं. मराठी आकडे आणि इंग्रजी आकडे यांचंही तेच. फायलीच्या नावात कुठले आकडे वापरणार ते एकदाच ठरवा आणि घरात सगळ्यांना दम द्या.

उद्यमनगरचा पोरगा

सगळ्यांचे आभार. दहा दिवसांनी लिहितोय.

'चालू' आणि 'रद्द' केलं. पहिल्याच दिवशी 'चालू' लावताना आणखी दोन पार्टची जुनी ड्रॉइंग मशीनवर सापडली. नशीब, त्यांचे लॉट अजून लागायचे होते. एक खरंच टूलबॉक्सच्या झाकणाला होतं, शिरोलीकर!

रविवारी आबांना शेजारी बसवलं. मी 'ग्राहक', 'खरेदी', 'कर' असे फोल्डर करत होतो. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "ह्यात खिडकीकडचं कुठं हाय?" आता डी ड्राइव्हवर 'खिडकीकडचं' नावाचा फोल्डर आहे, आत रॅकच्याच क्रमानं पार्ट्या. काल त्यांनी स्वतः माऊस धरून एक बिल काढलं. चष्मा शोधायला जास्त वेळ लागला.

ताई, एक अडलंय. दरपत्रकांतल्या चाळीसेक फायली कन्व्हर्टरमधून कचऱ्याचा दुसरा कचरा होऊन येतात. फाँटच्या नावात श्री-देव आणि पुढं आकडा आहे, पण प्रत्येक फायलीत आकडा वेगळा. प्रत्येक आकड्याला वेगळं काही निवडावं लागतं का? एक फाईल तुम्हाला पाठवली तर बघाल?