आंबा घाटात पाणी उकळणारी १९२६ ची रोल्स-रॉइस ट्वेंटी

प्रश्न (रत्नागिरी)
आमच्या घरी १९२६ सालची रोल्स-रॉइस ट्वेंटी आहे. साखरप्यापर्यंत ती कुरकुर न करता जाते, पण आंबा घाटाची चढण लागली की रेडिएटरच्या टोपणाखालून वाफ येऊ लागते. पंप गळत नाही, पंख्याचा पट्टाही घट्ट आहे. रेडिएटरचा कोअर, म्हणजे पाणी थंड करणारी आतली जाळी, नवा करून घ्या, असे मेस्त्री म्हणतात. एवढा खर्च करण्यापूर्वी काय तपासावे?

उत्तर (सावंतवाडी)
दोष रेडिएटरचा की इंजिनाचा, हे आधी ठरवा. या गाडीच्या रेडिएटरपुढील आडव्या पट्ट्या चालकाला हाताने उघडाव्या लागतात आणि जोडणी झिजलेली असेल, तर दांडा पूर्ण सरकवूनही त्या अर्ध्याच वळतात. समोर उभे राहून पाहिल्याशिवाय हे कळत नाही. मग घाट चढून आल्यावर बंदुकीसारख्या तापमापकाने कोअरवर वरपासून खालपर्यंत तापमान मोजा. मध्येच थंड डाग सापडले, तर मेस्त्रींचे म्हणणे खरे.
तसे नसेल, तर ब्लॉकच्या (सिलिंडर असलेल्या इंजिनाच्या मुख्य भागाच्या) पुढच्या व मागच्या बाजूचे तापमान मोजा. बिडाच्या ब्लॉकमधील गंज आणि गाळ मागे, सहाव्या सिलिंडरभोवती साचतो, हे या इंजिनांचे जुनेच दुखणे आहे, आणि तिथे नवा कोअर काहीच करू शकत नाही. गाडीत पाणी कोणते घालता, तेही कळवा.

उत्तर (देवगड)
माझा संशय प्रज्वलनावर आहे. चढणीवर इंजिन ठोकू नये म्हणून स्टीअरिंगवरील, ठिणगीची वेळ बदलणारी तरफ मागे घेतली आणि तशीच राहिली, तर ज्वलन उशिरा होते आणि बरीच उष्णता एक्झॉस्टच्या वाटेने पाण्यात उतरते. शिवाय २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर पेट्रोल-हवेचे जुने मिश्रण पातळ पडते, म्हणून ते थोडे दाट करून पाहावे. इंजिन केवळ अडखळत असेल आणि पाणी उकळत नसेल, तर ती पेट्रोलची वाफ समजावी. तो रोग वेगळा.

प्रश्नकर्ता
पट्ट्या पूर्ण उघडतात, कोअर सगळीकडे सारखा तापतो. ब्लॉकची मागची बाजू मात्र पुढच्यापेक्षा बरीच गरम लागली. तरफ पुढे ठेवून चढलो, तेव्हा वाफ उशिरा आली, पण आलीच. पाणी खाडीलगतच्या विहिरीचे घालतो.

उत्तर (सावंतवाडी)
मग निदान जवळजवळ झाले. खाडीलगतच्या पाण्यातील क्षार बिडाला गंजवतात. मागील बाजूने जॅकेट (सिलिंडरभोवतीचा पाण्याचा कप्पा) उघडून गाळ तारेने खरवडून काढावा लागेल; नुसत्या रसायनाने धुतल्यास सुटलेला गाळ थेट कोअरमध्ये जाऊन बसतो, म्हणून धुताना रेडिएटर वेगळा ठेवा. नंतर ऊर्ध्वपातित पाणी आणि गंजरोधक शीतक घाला. पाणी काठोकाठ भरू नका, कारण दाब नसलेली ही यंत्रणा जास्तीचे पाणी स्वतःच बाहेर टाकते, आणि तेच उकळणे वाटते. दाब धरणारे आधुनिक टोपण मात्र कोणी कितीही सुचवले तरी बसवू नका. एवढ्या जुन्या कोअरचे सांधे तो दाब सोसणार नाहीत.