रोजच्या घराचे फोटो : तुम्ही कसे शिकलात?

त्रिमूर्तीनगर, दोन मुलींची आई

दर रविवारी सकाळी साडेआठच्या सुमारास सासूबाई आमच्या हॉलच्या खिडकीजवळ पाट टाकून बसतात आणि धाकटीला पुढ्यात ओढतात. वाटीत कोमट खोबरेल. आधी टाळूवर थापायचं, मग कानामागे, मग शेंड्यांना. पोरगी "आजी, बस ना आता" म्हणत राहते, आजीचा हात काही थांबत नाही. मोठीच्या वेळेपासून अकरा वर्षं मी हे बघते आहे. गेल्या वर्षापर्यंत याचा एकही धड फोटो घरात नव्हता. केक कापतानाचे मात्र शेकड्यांनी.

मागच्या दिवाळीत इथे नागपुरात सीताबर्डीहून एक वापरलेला कॅनन घेतला, सोबत 18-55 ची लेन्स. पहिल्या रविवारी फ्लॅश आपोआप उडाला आणि तेलकट कपाळ चुन्यासारखं पांढरं निघालं. दुसऱ्या रविवारी फ्लॅश बंद केला, तर मागे खिडकी असल्यामुळे दोघींच्या नुसत्या काळ्या आकृत्या आल्या. कॅमेरा समोरच्या सगळ्या उजेडाची सरासरी काढतो आणि खिडकी झगझगीत असली की बाकी सगळं अंधारात ढकलतो, हे मला तेव्हा कुठे माहीत होतं? मग एक्सपोजर कॉम्पेन्सेशन सापडलं, म्हणजे कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड आपण कमी-जास्त करायची सोय. प्लस एक केलं की चेहरे उजळायचे, पण खिडकी पांढरीफेक व्हायची. शेवटी जागा मीच बदलली. कपाटाला टेकून जमिनीवर बसले, खिडकी बाजूला आली, आणि उजेड सासूबाईंच्या हातावरून घरंगळत पोरीच्या मानेवर उतरला.

तो फोटो जानेवारीतला. त्यात चेहरे जवळजवळ नाहीतच. भांगात रुतलेलं आजीचं बोट आहे, नखाच्या कडेला आदल्या रात्रीची हळद आहे, आणि बांगड्या वर सरकल्यामुळे मनगटावरचा फिकट वळ दिसतो आहे. चाळीस वर्षांच्या बांगड्यांचा तो वळ मी त्याआधी कधी पाहिलाच नव्हता, एकाच घरात राहून.

मेमध्ये ते जमत नाही. आपल्याकडे उन्हामुळे सकाळी आठ वाजताच खिडक्या-पडदे बंद होतात, मग उरते फक्त कूलरच्या बाजूची फट. तेव्हा काय करता, तेही सांगा.

तर आईबाबांनो, लिहा. घरातल्या रोजच्या गोष्टीचा एक फोटो घ्या. तो कसा निघाला, आधी काय चुकलं, कोणी शिकवलं? सहलीचे आणि लग्नातले नकोत, ते आपल्या सगळ्यांकडे आहेत.

खामला, बाबा

माझी मिहानमध्ये (विमानतळाजवळच्या औद्योगिक भागात) दुपारची शिफ्ट, रात्री उशिरा घरी येतो. मुलगा मला जागा दिसतो तो सकाळी सहा ते पावणेसात, व्हॅनवाले काका हॉर्न वाजवेपर्यंत. त्या पाऊण तासातच जे काढायचं ते काढायचं. बुटाची नाडी, डब्याचं झाकण, मोरीत उभं राहून डोळे मिटून दात घासणं.

माझी अडचण ट्यूबलाइटची होती. पोरगा हलतो म्हणून शटर 1/500 (सेकंदाचा पाचशेवा भाग) ठेवायचो, तर फोटोत आडवे काळपट पट्टे. एकाच ठिकाणी उभं राहून काढलेले दोन फोटो, एक पिवळट, एक हिरवट. सेन्सर गेला असं वाटून दुकानात नेणार होतो. मग कळलं की आपली वीज 50 हर्ट्‌झची, त्यामुळे जुनी चोकवाली ट्यूब सेकंदाला 100 वेळा मंद-तेज होते. डोळ्याला ते समजत नाही, वेगवान शटरला समजतं. शटर 1/100 वर आणलं की दर फोटोत एक पूर्ण लाट बसते आणि पट्टे जातात. स्वस्त एलईडीचंही तसंच.

पण 1/100 ला हात हलला की फोटो धूसर. म्हणून मी वाट बघायला शिकलो. दात घासताना तो मध्येच थांबतो, ब्रश तोंडात तसाच, कुठेतरी बघत. ते दोन सेकंद रोज येतात. आता मला ते आधीच कळतात.

महाल, आई

सहली, लग्नं नको म्हणालात, सणही नकोच असेल, तरी तान्ह्या पोळ्याचं (मुलांचा लाकडी बैलांचा पोळा) लिहिते. घरातलंच आहे.

आमच्या भागात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. मारबत म्हणजे ईडा-पीडा गावाबाहेर नेणारा मोठा पुतळा. काळी मारबत 1881 पासून निघते, पिवळी 1885 पासून, सोबत बडगे नावाचे दुसरे पुतळे, आणि "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" चा गजर. मी तीन वर्षं गच्चीवरून मिरवणूकच काढत राहिले. लोकांनी वाखाणले ते फोटो. यंदा बघताना लक्षात आलं की त्यात माझा मुलगा कुठेच नाही. तो खाली दारात लाकडी बैल घेऊन बोजारा (बैल दाखवून मिळणारे पैसे) मागायला निघालेला असायचा.

म्हणून यंदा आदल्या रात्री कॅमेरा खालीच ठेवला. माझे बाबा आणि तो स्वयंपाकघरात फरशीवर वर्तमानपत्र पसरून बैल रंगवत होते. हा बैल माझ्या भावाचा, एक चाक बदललेलं. बाबांचा हात हल्ली थरथरतो, म्हणून शिंगांना रंग नातू देतो आणि बैल धरून ठेवतात बाबा. मी 50 ची लेन्स लावली होती, एफ 1.8 वर, म्हणजे लेन्सचं तोंड पूर्ण उघडं. बैलाचं शिंग स्पष्ट आलं आणि बाबांचा चेहरा पुसट. वीसेक फोटो तसेच गेले. मग तोंड बारीक करून एफ 4 वर नेलं, कमी उजेड भरून काढायला आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 3200 केला, दाणे दिसले तर दिसू दे म्हटलं. आता त्या फोटोत चौघेही आहेत : आजोबा, नातू, बैल आणि बदललेलं चाक.

दाणे दिसतात म्हणून कुणी फोटो पुसू नका. एवढंच कळकळीने सांगते.

कळमना, एका पोरीचा बाप

मी मार्केटात संत्र्याचं काम करतो. आंबिया बहाराची संत्री याले लागली का पहाटे चारले घर सोडावं लागते. कॅमेरा नाई, मोबाईल आहे, अन् त्याची काच तडकेल आहे.

माही पोरगी पाचवीत आहे. थे रात्री एक रिकामं कॅरेट उलटं करते अन् त्याच्यावर वही ठेवून लिहिते. वर एकच बल्ब. फोटो काढला का बल्ब पांढराफट अन् पोरीचं तोंड काळं. तिनंच दाखवलं मले. बाबा, स्क्रीनवर माह्या तोंडावर बोट ठेवा. मंग सूर्यासारखा ठिपका येते, थो वरखाली सरकवा. बोट दाबून धरलं का थे तिथंच लॉक होते. मंग मी बल्बाकडे पाठ करून बसलो.

फोटोत कॅरेटाच्या जाळीची सावली जमिनीवर पडली, चौकोन चौकोन, तिच्या पायापर्यंत. हेच कॅरेट मी दिवसभर उचलतो. त्याची सावली अशी पडते हे मले मालूम नोतं.

मानेवाडा, बाबा

मी एक चूक सांगतो. मुलगी दहावीत असताना टेबलावर डोकं ठेवून झोपली होती, गालाला पेन चिकटलेला. फोटो सुंदर आला होता, अजूनही तसंच म्हणतो. तो मी कौतुकाने तिच्या शिकवणी वर्गाच्या ग्रुपवर टाकला. पुढच्या महिन्यात त्यांनी तो जाहिरातीच्या फ्लेक्सवर छापला, आम्हाला न विचारता. मुलगी आठवडाभर घराबाहेर पडली नाही. वर्गाशी भांडलो, फ्लेक्स उतरवला. पण ती मला म्हणाली, "त्यांनी नंतर विचारलं नाही. तुम्ही आधी विचारलं नाही."

तेव्हापासून रात्री ती कॅमेरा हातात घेते आणि स्वतःचे नको असलेले फोटो काढून टाकते. पहिले दोन महिने जवळजवळ सगळेच जायचे. मी काही बोललो नाही. हळूहळू राहू लागले, आणि राहिले ते मी निवडले नसते असे : तोंडात क्लिपा धरून गच्चीवर कपडे वाळत घालताना, गालावर मुरूम, केस विस्कटलेले. ती हसते आहे, पण माझ्याकडे बघून नाही. माझी नजर सुधारली असेल तर त्या निवडीमुळे. लहान मुलांच्या आईबाबांनी आत्तापासूनच विचारायची सवय लावावी. चार वर्षांच्या मुलालाही "नको" म्हणता येतं.

त्रिमूर्तीनगर, दोन मुलींची आई

कळमन्याच्या दादांचं वाचून मी रात्री बल्बखाली प्रयोग करून पाहिला. महालच्या ताई, 50 ची लेन्स मीही घेतली होती. आमची खोली दहा बाय दहाची. आपल्या कॅमेऱ्यांचा सेन्सर लहान, त्यामुळे 50 ची लेन्स जवळजवळ 80 सारखी वागते, सगळं फार जवळ दिसतं, आणि मी मागे सरकत सरकत भिंतीला लागते. 35 ची बरी पडते घरात. मानेवाड्याचे काका, आजच मोठीला विचारलं. अर्धे गेले.

मनीषनगर, आई

थोडक्यात लिहिते. मुलाची पहिली तीन वर्षं एका हार्ड डिस्कवर होती. ती टेबलावरून पडली. आता दोन डिस्क, एक माहेरी असते. आणि दर महिन्याला बारा फोटो चार बाय सहाचे छापून आणते. पावसाळ्यात लेन्स हवाबंद डब्यात ठेवा, सिलिका जेलच्या पुड्या टाकून. एका लेन्सला बुरशी लागली, तेव्हा हे शिकले.

प्रतापनगर, दोन मुलांचा बाप, आता आजोबा

मी तुमच्यासारखा शिकलो नाही. तरी एक फोटो सांगतो.

1991 साल, आम्ही तेव्हा इतवारीत भाड्याने राहत होतो. साधा 35 एमएमचा कॅमेरा, फोकस ठरलेला, चार फुटांच्या आतलं सगळं धूसर. 36 फोटोंचा एक रोल सहा-सहा महिने पुरवायचो. वाढदिवस, दिवाळी, कोणी पाहुणे आले तर एक. मुलं रांगेत उभी, भांग पाडलेले. रोजच्या घराचा फोटो काढणं म्हणजे रोल वाया घालवणं, अशी आमची समजूत.

त्या रोलमध्ये एकच फोटो उरला होता आणि रोल धुवायला द्यायची घाई होती. म्हणून स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून बटण दाबलं, केवळ रोल संपावा म्हणून. सौभाग्यवती गॅससमोर भाकर उलटवत होत्या. मान वळवून माझ्याकडे बघतायत, कपाळाला आठी : आत्ता कशाला? मागे फळीवर पितळी डबे, भिंतीवर कालनिर्णय, खिळ्याला अडकवलेली पिशवी.

त्या जाऊन सहा वर्षं झाली. अल्बममध्ये त्यांचे पुष्कळ फोटो आहेत, ठेवणीतल्या साडीतले, नीट उभ्या राहिलेल्या. मी काढून बघतो तो हाच. त्या रोज मला अशाच दिसत होत्या. तो फोटो आता तांबूस पडला आहे.

त्रिमूर्तीनगर, दोन मुलींची आई

आजोबा, तुमचं लिहिणं सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी तेलाची वाटी खाली ठेवून ऐकलं. निगेटिव्ह जपून ठेवली आहे का? प्रिंटचे रंग उडतात, निगेटिव्ह बहुतेकदा बरी राहते.

खामला, बाबा

निगेटिव्ह असेल तर घरीही होतं. लॅपटॉपवर कोरं पांढरं पान उघडा, उजेड पूर्ण वाढवा. निगेटिव्ह पडद्यावर टेकवू नका, पडद्याचे ठिपके दिसतात, बोटभर वर धरा. मोबाईलने फोटो घ्या आणि एडिटमध्ये रंग उलटे करा. पट्टीला मुळातच नारिंगी झाक असते, म्हणून आधी निळसर दिसेल. रंग थोडे जुळवावे लागतात.

प्रतापनगर, दोन मुलांचा बाप, आता आजोबा

आठ दिवसांनी लिहितो आहे. लोखंडी कपाटात मिठाईच्या डब्यात निगेटिव्ह सापडल्या. खामल्याच्या बाबांनी सांगितल्याप्रमाणे नातवाने केलं. साडी हिरवी आहे, मला निळी आठवत होती. तव्यावर भाकर नाही, पोळी आहे.

आणि छापताना स्टुडिओच्या मशीनने काठ कापला होता, तो निगेटिव्हमध्ये शाबूत आहे. डाव्या कडेला ओट्याच्या टोकाला धरलेला एक छोटा हात दिसतो, पोळीची वाट बघत असलेला. मुलगा म्हणतो, तो माझा. मुलगी म्हणते, माझा. काल रात्री पुण्याहून फोन करूनही तिचं तेच चाललं होतं.