मदत हवी: मादी शॅमेलिऑन अंड्यांसाठी खणतेय, पण खड्डा अर्ध्यावर सोडते

घर मालवणजवळ. आमच्याकडे व्हेल्ड शॅमेलिऑनची (रंग बदलणाऱ्या विदेशी सरड्याची) मादी आहे, वय साधारण एक वर्ष, नाव मिरची. मावसभावाची बदली झाली तेव्हा तो तिला आमच्याकडे ठेवून गेला. विदेशी प्राण्यांच्या नोंदणीच्या सरकारी परिवेश पोर्टलवर नोंद आहे, मालकी बदलल्याचंही कळवलंय. हा आपल्या रानातला घोयरा नव्हे. घोयरा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, तो घरी पाळता येत नाही. ही जात येमेन-सौदीकडची.

चार दिवस तिने रातकिड्यांकडे ढुंकून पाहिलेलं नाही. एरवी जास्वंदीवरून न उतरणारी, आता दिवसभर पिंजऱ्याच्या तळाशी फिरते, कोपरे उकरते. रंग काळपट हिरवा, त्यावर पिवळे-निळे ठिपके. पोटाच्या दोन्ही बाजूंना गाठी दिसतात. नर कधीच सोबत नव्हता, पण कोंबडीसारखीच ही मादी नराशिवायही अंडी घालते, एका वेळी वीस-तीस, कधी त्याहून खूप जास्त. भरपूर खाऊ आणि जास्त ऊब मिळाली की अंडी वाढतात हे मला उशिरा कळलं. मी तिला रोज पोटभर रातकिडे देत होते, त्याचं फार वाईट वाटतंय.

फूटभर खोल बादली भरून ठेवलीय. पुळणीची वाळू खारी म्हणून घेतली नाही, नदीची धुऊन घेतली. मूठ वळली तर लाडवासारखी राहते, पाणी गळत नाही इतपत ओली. ती खणायला लागते, चार-पाच बोटं खाली गेली की भुयार ढासळतं आणि ती बाहेर येते. काल असं तीनदा झालं. कुणी बघतंय असं वाटलं तर मादी खणणं सोडते, म्हणून तिन्ही बाजूंनी चादर लावलीय आणि मुलांना त्या खोलीत जाऊ देत नाही.

वाळूत जांभ्याची तांबडी माती मिसळली तर भुयार टिकेल का? कुणी वापरलीय का, आणि किती? खत-औषध न पडलेली माती परसातून मिळेल, पण ती सुकली की दगडासारखी होते, त्याची भीती वाटते.

दुसरं, पावसाचं. घरात मिठाला पाणी सुटतंय इतकी हवा दमट, म्हणून फवारा फक्त सकाळी देते, पानांवरचे थेंब ती पिते. ऊन आठवडाभर नाही. काचेतून यूव्हीबी (उन्हातले अतिनील किरण) येत नाही, म्हणून त्याची नळी पिंजऱ्याच्या जाळीवर लावलीय, ती इन्व्हर्टरवर चालते. उबेचा बल्ब मात्र लाईट गेली की बंद. अशा दिवसांत अंडी अडकण्याचा धोका वाढतो का? कॅल्शियमची पूड रातकिड्यांना लावून देत होते, पण आता ती खातच नाही. ड्रॉपरने द्यावं का?

डोळे टपोरे आहेत, फांदीवरची पकड घट्ट आहे. डोळे खोल गेले, तळाशी निपचित पडली तर थांबायचं नाही हे ठाऊक आहे. पण इथल्या गुरांच्या डॉक्टरांनी सरड्याला कधी हात लावलेला नाही. कोल्हापूरला न्यायचं तर या पावसात फोंडा घाट, आणि तेवढ्या हेलकाव्यांनी तिचं काय होईल, याचा विचार करून झोप येत नाही. किती दिवस वाट पाहावी, ज्यांनी हे केलंय त्यांनी नक्की सांगा. कुडाळ-कणकवलीकडे सरपटणारे प्राणी तपासणारं कुणी असेल तर तेही कळवा.

मी रात्री जागीच आहे. मातीचं उत्तर मिळालं तर उजाडताच बादली बदलते.