हसवणारी माणसं घरात कशी असतात? अनुभव सांगा

खानापूरवाला
काल टीव्हीवर 'धूमधडाका' लागला होता. लक्ष्या दिसला आणि थोरले काका आठवले. आमच्या गावच्या यात्रेतल्या नाटकात विनोदी पार्ट कायम त्यांचाच. नुसतं विंगेतून डोकावले तरी हशा. घरात मात्र मुके. जेवताना "मीठ" एवढाच शब्द.

एका वर्षी नाटकादिवशीच दुपारी आमचा बैल दगावला. रात्री काकांचा प्रवेश नेमका बैलबाजारातला! लोक अक्षरशः लोळले. मी प्रॉम्प्टरशेजारी बसलो होतो, मला काही हसू येईना. पहाटे काका तोंडाचा रंग न पुसताच गोठ्यात जाऊन बसले. रिकाम्या दावणीपाशी.

तुमच्याकडं असं कोण? लिवा की.

निपाणीची_सून
आमचे सासरे! तंबाखूच्या वखारीत सगळ्यांना हसवून बेजार. घरात आले की "टीव्ही बारीक करा". भात लावलाय, नंतर लिहिते

शहापूर_गल्ली
लक्ष्या काय एका दिवसात मोठा झाला नाही गा. मुंबईत साहित्य संघात नोकरी करत बारकीसारकी कामं करायचा. १९८३ ला 'टुरटुर' आलं तेव्हा कुठं नाव झालं. गेला २००४ च्या डिसेंबरात, वय ५० फक्त. आमच्या मंडळाच्या फळ्यावर नुसतं 'लक्ष्या गेला' लिहिलेलं. आडनाव कुणालाच लागलं नाही.

जुना_प्रेक्षक
'एक होता विदूषक' १९९२ चा. आम्ही पाच जण हसायला म्हणून गेलो होतो. लक्ष्या गंभीर बोलायला लागला तसा मागून एकजण ओरडला, "हसीव की रं!" तेव्हा आम्हीपण हसलो. आता त्याची लाज वाटते.

टिळकवाडी७
त्याची पटकथा पुलंची. आणि पुलं आमच्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवायला होते. त्यांच्या लेखातले रावसाहेब पण बेळगावचेच

शहापूर_गल्ली
झालं बेळगावचं कौतुक सुरू. आता कुंद्याची मिठाई पण काढ

टिळकवाडी७
काढतोच. का काढू नको?

पुण्यातली_बेळगावकर
कुंद्यावरून आठवलं, उद्या रात्रीच्या गाडीनं न्यायचाय. टिकेल ना ओ?

टिळकवाडी७
एका रात्रीत काय होतंय. पोचलीस की फ्रीजमध्ये टाक. शेजाऱ्यांना सांगू नको मात्र

चिकोडीकर
आमच्या शेजारच्या कन्नड आजींना मराठीचा एक शब्द कळत नाही. पण लक्ष्या लागला की खुर्ची घेऊन हजर. बघून झालं की ठरलेलं वाक्य, "नम्म (आपला) नरसिंहराजू" ह्याच्यापेक्षा भारी. मग मोबाईलवर त्या जुन्या कन्नड विनोदी नटाचा काळा-पांढरा पिक्चर लावून द्यायचा. तो काटकुळा माणूस बघून मीपण हसतो. मला तरी कुठं सगळं कन्नड कळतंय.

गोवावेस
हसवणारा आतून रडत असतो, हे पिक्चरवाल्यांनी करून ठेवलंय. आमचा मामा घरात, बाहेर, मयतीत, सगळीकडं तसलाच. तिरडी बांधताना म्हणाला, "आण्णा जन्मात पहिल्यांदा वेळेवर निघालेत." मामीनं चिमटा काढला. नंतर तीच तोंडाला पदर लावून हसत होती.

जुना_प्रेक्षक
खानापूरवाले, काका आहेत काय अजून?

खानापूरवाला
आहेत की. ८४ चालू. काल शेजारीच बसले होते. सबंध पिक्चरभर एकदा पण हसले नाहीत. एका जागी फक्त म्हणाले, "एन्ट्री बरोबर घेतली पोरानं."

निपाणीची_सून
भात करपला तुमच्या नादात. सासरे वास घेऊन म्हणाले, "आज वखार घरीच आली वाटतं." एवढ्या वर्षांत घरात पहिल्यांदा