रंगकामाआधी पद्मिनीवरील मोनोग्राम कसे काढावेत?

प्रश्न (सांगली)

नमस्कार. वडिलांची १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी अकरा वर्षे पडवीत उभी होती. आता तिचे पत्र्याचे काम उरकत आले असून पुढच्या पंधरवड्यात रंगाला हात लागेल. डिक्कीवरील नावाची अक्षरे आणि बोनेटवरील मोनोग्राम मूळचेच आहेत. पेंटरचे म्हणणे असे, की ते काढण्याच्या भानगडीत न पडता कडेने मास्किंग टेप लावून रंग मारावा. मला ते पटत नाही. पण काल स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने एक अक्षर बाहेरून किंचित उचकटून पाहिले, तेव्हा आतून ‘कट्’ असा बारीक आवाज आला आणि मी हात आवरला. ही अक्षरे आतून कशाने धरलेली असतात, आणि ती न मोडता काढण्यासाठी सुरुवात कोठून करावी?

पहिला प्रतिसाद (कोल्हापूर)

हात आवरलात ते उत्तम केलेत. तो आवाज बहुधा स्टडचा, म्हणजे अक्षरामागील खुंटाचा, असावा. त्या काळचे बहुतेक मोनोग्राम जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव असत. अक्षराच्या पाठीमागे त्याच धातूचे पेन्सिलीच्या शिशाहून थोडे जाड खुंट ओतलेले असतात, ते पत्र्यातील छिद्रांतून आत जातात आणि आतल्या बाजूने त्यांच्यावर पत्र्याचा स्प्रिंग नट दाबून किंवा फिरवून बसवलेला असतो. हा धातू वाकत नाही, थेट तुटतो. त्यामुळे बाहेरून उचकटणे म्हणजे खुंट मोडण्याची खात्रीच.

काम नेहमी आतून करावे. डिक्कीच्या झाकणाच्या आतल्या चौकटीत हात किंवा लांब नळी पाना जाईल अशी भोके असतात. तेथून टॉर्च धरल्यास नट दिसतात. तेलाचे दोन-दोन थेंब सोडून रात्रभर मुरू द्यावे. नटाला पाना बसण्याजोगा षटकोन असेल, तर तो अगदी हलक्या हाताने, थोडे मागे थोडे पुढे करत सोडवावा. नुसती दातेरी चकती असेल, तर ती फिरवण्याच्या नादी लागू नये, कारण तिचे दात खुंटात रुतलेले असतात आणि चकतीबरोबर खुंटही पिळला जातो. बारीक कटरने चकतीच तोडून टाकावी. नट चिल्लर किमतीत मिळतो, अक्षर मिळत नाही. ही गाडी १९७४ पासून पद्मिनी म्हणून ओळखली जाऊ लागली, त्याआधी १९७२ पासून प्रेसिडेंट आणि त्याहीआधी फियाट होती. नावांप्रमाणे मोनोग्रामही बदलत गेले, त्यामुळे बाजारातील नकलेचे खुंट तुमच्या छिद्रांत बसतीलच असे नाही.

काढण्यापूर्वी मात्र एक काम न विसरता करा. डिक्कीवर ट्रेसिंग पेपर चिकटवून अक्षरांची बाह्यरेषा पेन्सिलीने उतरवून घ्या आणि झाकणाच्या कडेपासूनचे अंतर त्यावरच लिहून ठेवा.

दुसरा प्रतिसाद (ठाणे)

वरील सूचनांशी सहमत आहे, फक्त एक भर घालतो. मधल्या काळात एखादे अक्षर सुटून पडले असेल आणि कोणीतरी ते चिकटवले असेल, तर आतून नट दिसणार नाही. अशा वेळी हेअर ड्रायरने पत्रा हाताला सोसेल इतपत गरम करावा आणि मासे पकडण्याच्या गळाची नायलॉन दोरी अक्षरामागे घालून करवतीसारखी पुढेमागे ओढावी. हीट गन मात्र वापरू नये, विशेषतः मोनोग्रामवर मिनाकाम किंवा प्लास्टिक असल्यास.

पेंटरला टेप लावू देऊ नका, हे मीही सांगेन. टेपच्या कडेला रंगाची धार उभी राहते, ती नंतर पापुद्र्यासारखी सुटते आणि अक्षराखाली आधीच धरलेला गंज तसाच झाकला जातो.

प्रश्नकर्ता

दोघांचे आभार. रविवारी दुपार गेली, पण सर्व अक्षरे निघाली. ज्यातून आवाज आला होता, त्याचा एक खुंट खरोखरच मुळातून तुटला आहे. वेल्डिंगवाल्याने जोडून देतो म्हटले आहे. देऊ का?

पहिला प्रतिसाद देणारे

मुळीच नको. हा धातू साधारण ३८५ अंश सेल्सिअसला वितळतो. ज्योत लागली की अक्षराचा गोळा होईल. तुटलेल्या जागेच्या मध्यावर पंचाने (टोकदार हत्याराने) खूण ठोकून तेथे बारीक भोक पाडावे, तीन मिलिमीटरचा आटा काढावा आणि पितळी आटेदार दांडी इपॉक्सी लावून त्यात बसवावी. ड्रिलच्या पात्याला हव्या त्या खोलीवर टेपची पट्टी गुंडाळा आणि पट्टी टेकताच थांबा, नाहीतर समोरच्या क्रोममधून टोक बाहेर डोकावेल. क्रोम पुसण्यासाठी साबणाचे कोमट पाणी पुरते. चिंच, लिंबू किंवा संडास साफ करण्याचे ॲसिड लावू नये. क्रोमला बारीक छिद्रे पडलेली असल्यास ते आत शिरून जस्त खाते.

तिसरा प्रतिसाद (नाशिक)

मी रंगकामाच्या बाजूने दोन गोष्टी सांगतो. नटांवर सोडलेले तेल छिद्रांतून बाहेरच्या पत्र्यावर ओघळलेले असते. ते ग्रीस रिमूव्हरने आत-बाहेर नीट पुसले नाही, तर रंगावर माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात आणि पेंटर रंगाला दोष देत बसतो. दुसरे म्हणजे, छिद्रे लांबीने (पुट्टीने) भरू नयेत असे त्याला आधीच बजावून ठेवा, कारण पत्रा गुळगुळीत दिसला की भोक बुजवण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. छिद्रांच्या कडांना गंजरोधक प्रायमर लागला पाहिजे. रंग पुरता कडक होण्यासाठी आठवडाभर तरी थांबा, आणि अक्षरे परत बसवताना खुंटांभोवती थोडे सीलंट लावा म्हणजे पावसाचे पाणी डिक्कीत उतरणार नाही.

प्रश्नकर्ता

बजावायला गेलो तोवर पेंटरने चार छिद्रे बुजवली होती. ट्रेसिंग पेपर पत्र्यावर धरून ती पुन्हा मोकळी केली. अंतर लिहून ठेवले होते म्हणून एकही भोक चुकले नाही.